विहिणीला मेट म्हणता येतं का

विहीणबाई,

तुम्ही गेल्यापासून जो तो मला विचारतो, तुमच्या विहीणबाई स्वभावाने कशा होत्या. मी सांगते, हट्टी होत्या. ऐकणारा जरा चपापतो. गेलेल्या माणसाबद्दल गोड बोलायचं असतं, असं सगळ्यांना वाटतं. पण मी तुमच्या तोंडावर जे बोलत आले तेच आता बोलते. वेगळं काही बोलले असते तर तुम्हीच म्हणाला असतात, या बाईला काय झालं?

तुम्हाला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, त्यामुळे अक्षराकडे बघू नका. आणि वरती ‘विहीणबाई’ लिहिलंय तेही मुद्दाम लिहिलंय. तुम्हाला ते आवडायचं नाही, हे मला माहीत आहे.

आपलं नातं काय? माझी मनीषा तुमच्या संदीपला दिली. तुम्ही मुलाच्या आई, मी मुलीची. आपल्याकडे या दोन आयांमध्ये एक पायरी असते. मुलाची आई वर, मुलीची खाली. तिला आमंत्रण द्यायला घरी जायचं, ती आली की पाय धुवायला पाणी द्यायचं, ती बसल्याशिवाय बसायचं नाही, ती जेवल्याशिवाय जेवायचं नाही. मला कुणी हे शिकवलं नाही. लासलगावजवळच्या आमच्या गावात मी आईला असंच वागताना पाहिलं. मग सिडकोत राहायला आले, मालक अंबडच्या कारखान्यात लागले, घरात टीव्ही आला, फ्रीज आला, पण ती पायरी होती तिथेच राहिली. तुमच्या घरीही ती होतीच. तुम्ही इगतपुरीच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलात, दहावी झालात, एवढाच फरक.

आणि मग मनीषाचं बाळंतपण मेलबर्नला आलं. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं. तिला येता येईना, म्हणून माहेर तिकडे गेलं, म्हणजे मी गेले. तुम्हाला कुणी बोलावलं नव्हतं. तुम्ही संदीपला सांगितलंत, मीही येते, आणि आलात. दोन विधवा बायका, एका विमानात, एका घरात, समोरासमोरच्या खोल्यांत. मला पहिल्याच दिवशी धसका बसला होता. विहिणीसोबत लग्नाचे दोन दिवस काढणं सोपं. इथे तर महिने काढायचे होते.

दिवसा संदीप कामावर जायचा. मनीषा झोपायची, बाळही झोपायचं. तुम्हाला घरात करमेना. कोपऱ्यावरच्या वाचनालयात नव्याने आलेल्या लोकांसाठी इंग्रजीचा वर्ग चालतो, असं तुम्ही कुठून तरी शोधून काढलंत आणि मला ओढून नेलंत. मी म्हणाले, मला मराठी वाचायला चष्मा लागतो, इंग्रजी कशाला? तुम्ही म्हणालात, बसायला खुर्ची आहे आणि हीटर आहे, चला.

शिकवणारी जोन नावाची बाई होती. आपल्याच वयाची, पण पांढऱ्या केसांना कंगवा न लावलेली. तिला बाई किंवा मॅडम म्हटलेलं चालायचं नाही, जोनच म्हणायचं. मी तिला कधीच हाक मारली नाही. त्यापेक्षा हात वर करायचे.

तिथेच तो शब्द आला. मेट. त्यांच्या तोंडी तो ‘माइट’सारखा ऐकू यायचा. तुम्ही मला लगेच मराठीत सांगितलंत, रूममेट, क्लासमेट म्हणतात ना, त्यातला मेट. सोबती. मी म्हणाले, एवढं सोपं असेल तर ती बाई तासभर काय सांगतेय? तुम्ही माझ्या कानाशी बसून सगळं सांगत गेलात, म्हणून आज मला लिहिता येतंय.

जोनचं म्हणणं असं की हा शब्द डिक्शनरीत बघून वापरता येत नाही, लोक कसा वापरतात ते बघावं लागतं. मित्राला मेट म्हणतात. आणि ज्याचं नावही माहीत नाही त्यालाही म्हणतात. बसच्या ड्रायव्हरला उतरताना म्हणायचं, थँक्स मेट. कुणाची टोपी पडली तर मागून हाक मारायची, मेट, तुझी टोपी. साहेब हाताखालच्या माणसाला म्हणतो आणि हाताखालचा साहेबाला. पण नोकरीच्या पहिल्याच दिवशी आपण होऊन साहेबाला म्हणू नका, आधी त्याला म्हणू द्या. पुरुष जास्त म्हणतात, बायका बायकांना कमी म्हणतात. आणि एक सावधगिरी तिने दोनदा सांगितली. हाच शब्द दात आवळून, सावकाश म्हटला तर तो प्रेमाचा नसतो, भांडण सुरू होणार असतं. तेव्हा शब्दाकडे लक्ष देऊ नका, आवाजाकडे द्या.

हे शेवटचं मला पटलं. आपल्याकडेही कुणी ‘अहो ताई’ कशा आवाजात म्हणतं त्यावर सगळं असतं. पुढे एकदा दुकानाच्या पार्किंगमध्ये एका माणसाने संदीपला मेट म्हटलं, तेव्हा मी मनीषाला आधी गाडीत बसवलं. इंग्रजीचा एक शब्द कळत नसताना मला कळलं होतं की हा मेट वाईट आहे. तुम्ही त्याच्यावर किती हसलात.

तर त्या दिवशी वर्गात तुम्ही हात वर केलात आणि विचारलंत, विहिणीला मेट म्हणता येतं का?

जोनला विहीण कळेना. तुम्ही उठून फळ्यावर गेलात. दोन बायका काढल्यात, त्यांच्याखाली एक मुलगा आणि एक मुलगी, त्यांच्याखाली बाळ. मग वरच्या दोन बायकांच्या मधे रेघ मारून त्या रेघेवर बोट ठेवलंत. याला काय म्हणतात? जोनने बराच विचार केला. वर्गातल्या बाकीच्यांनी आपापल्या भाषेतले शब्द सांगितले, प्रत्येकाकडे एक होता. शेवटी जोन म्हणाली, आमच्याकडे याला शब्दच नाही.

मला ते ऐकून वाईट वाटलं. म्हणजे या देशात मी तुमची कुणीच नाही. तुम्हाला मात्र आनंद झाला. तुम्ही माझ्याकडे वळून म्हणालात, “बघा, इथे आपल्याला नावच नाही. मग आपण हे घेऊ.”

मी म्हणाले, “वरच्या पायरीवर बसलेल्याला सगळे सारखेच वाटतात. खाली बसलेल्याला विचारा.”

तुम्ही हे जोनला इंग्रजीत सांगितलं नाहीत. सांगायला हवं होतं.

वर्ग सुटताना जोन आणखी एक गोष्ट सांगून गेली. या शब्दाचा फार जुना अर्थ शोधत गेलं तर तो जेवणापाशी पोचतो. एकत्र बसून जेवणारे, ते मेट. तुम्ही ते मला सांगितलंत आणि घरी येईपर्यंत गप्प राहिलात. तुम्ही गप्प म्हणजे काही तरी शिजत असणार.

त्या संध्याकाळपासून तुम्ही जेवायला बसायचं सोडलंत. मी तुमचं पान वाढून नेहमीसारखी ओट्याजवळ उभी राहिले. तुम्ही ताट उचललंत आणि माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिलात. मी म्हणाले, बसा. तुम्ही म्हणालात, तुम्ही बसा. मी म्हणाले, आधी तुमचं होऊ दे. तुम्ही उभ्या उभ्या भाकरी मोडायला लागलात. मनीषा बाळ घेऊन आली आणि कपाळाला हात लावून म्हणाली, चार खुर्च्या आहेत घरात, तुम्हाला दोघींना झालंय काय? पण मीही हट्टी. चार-पाच दिवस आपण दोघी ओट्याशी उभ्याने जेवलो. शेवटी माझे गुडघे बोलायला लागले, म्हणून मी बसले. गुडघ्यांमुळे बसले, हे मी तेव्हाही सांगितलं होतं. तुम्ही मात्र ते जिंकल्यात धरलंत.

मग बाळाचं, इराचं, बारसं आलं. बारशाला मुलीच्या आईने विहिणीचा मान करायचा असतो. मी नाशिकहून निघतानाच साडी घेतली होती. चिंतामणी रंगाची, बारीक काठाची, नेसायला हलकी. विधवा बाईला हा रंग कसा, असं दुकानात शेजारीण म्हणाली होती, तिला मी म्हटलं, त्या निळ्यात चांगल्या दिसतात. संदीपचे दोन-चार मित्र आले होते, पाळण्याला फुगे बांधले होते. मी हळदीकुंकवाचं ताट मनीषाच्या हातात दिलं आणि साडी तुमच्यापुढे धरली.

तुम्ही हात मागे घेतलात. म्हणालात, मेट मान घेत नाहीत.

हसत म्हणालात, हे खरं. पण चार लोकांसमोर म्हणालात. विहिणीने मान परत केला तर त्याचा अर्थ काय होतो हे तुम्हाला माहीत नव्हतं का? आमच्या गावात अशा परत आलेल्या साडीवरून पोरी माहेरी परत आल्यात. मी साडी घेऊन आत गेले. साडी पिशवीतून काढलीच नव्हती, तशीच माझ्या बॅगेत गेली आणि बॅगेतून नाशिकला परत आली.

दुसऱ्या दिवशी बसथांब्यावर बाकावर बसलो होतो तेव्हा मी तुम्हाला सरळ सांगितलं. तुम्हाला मोकळं वागणं परवडतं. मी तुमच्याशी मोकळी वागले आणि उद्या आपलं बिनसलं, तर बोल माझ्या मुलीला लागेल. म्हणून मी मर्यादेत राहते. भीतीने नाही, हिशेबाने.

तेव्हा तुम्ही तुमच्या आईचं सांगितलंत. तुमच्या लग्नात तुमच्या सासूबाईंनी तिला पंगतीला बसू दिलं नाही. कुठल्या तरी मानात काही कमी पडलं होतं. सगळ्या पंगती उठेपर्यंत ती वाढपाची परात धरून मांडवाच्या खांबाशी उभी होती. तुम्ही नवरी, मुंडावळ्या बांधून समोर बसलेल्या, तुमच्या पानात जिलबी, आणि तुम्हाला तिला हाक मारता येईना. तुम्ही म्हणालात, “तुम्ही ओट्याजवळ उभ्या राहता ना, तेव्हा मला घास उतरत नाही.”

एवढंच बोललात. मग बस आली. उतरताना तुम्ही ड्रायव्हरला थँक्स मेट म्हणालात आणि त्याने मान डोलावली.  त्या दिवशी तुमच्या आईबद्दल मी काही तरी बोलायला हवं होतं असं लोक म्हणतील. मला नाही तसं वाटत.  अशी गोष्ट ऐकायची असते, ती मी ऐकली.

नाशिकला परत आल्यावर वाटलं, सुटले. तुम्ही इंदिरानगरला, मी सिडकोत, आता सणावारालाच भेट. पण तुम्ही रिक्षा करून यायला लागलात. कळवायचं नाही, विचारायचं नाही. विहीण न कळवता दारात म्हणजे बाईची धांदल उडते. मी घाईने रवा भाजायला घ्यायचे, कारण विहिणीला नुसत्या चहावर कसं लावणार? तुम्ही सरळ स्वयंपाकघरात यायचात, डब्यावरचं झाकण काढून शेंगदाणे तोंडात टाकायचात आणि म्हणायचात, मेटकडे शिरा नसतो. मी म्हणायचे, विहिणीकडे असतो. शिरा झाला की तुम्ही तो खायचात, दुसऱ्यांदाही घ्यायचात. तत्त्व तुमचं, शिरा माझा. असं बरीच वर्षं चाललं.

आणि मी म्हणत होते तो दिवस आलाच. तिकडे मनीषाचं आणि संदीपचं वाजलं. संदीपला भारतात परत यायचं होतं, तिला यायचं नव्हतं. फोनवर ती रडायची, तो तुमच्याशी बोलायचा. एका संध्याकाळी तुम्ही आलात, शिऱ्याला हात लावला नाहीत आणि म्हणालात, तुमच्या मुलीने जरा नमतं घ्यावं, बाईच्या जातीला एवढा हेका बरा नाही. मी म्हणाले, तुमच्या मुलाला लग्नाच्या वेळी माहीत होतं ती नोकरी सोडणार नाही. मग तुम्ही एक बोललात, मी दोन बोलले. जाताना तुम्ही चप्पल घालून दारातूनच गेलात, मी सोडायला बाहेर आले नाही. मनात म्हटलं, हा बघा तुमचा मेट. गोडगोड दिवसांत सगळेच मेट असतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात तांदूळ निवडत बसले होते. फाटक वाजलं. तुम्ही येऊन माझ्यासमोर, खाली फरशीवर बसलात, ताटातला एक खडा उचलून बाहेर टाकलात आणि म्हणालात, “काल विहीण आली होती. आज मी आलेय.”

मी वर न बघता म्हणाले, “मला दोघींचे पाय सारखेच दिसतात.”

“मग पायांकडे बघू नका.”

मी चहा टाकला. त्या दिवशी शिरा केला नाही. ते तुमच्या लक्षात आलं होतं. आणि आपण दोघींनी मिळून पोरांना फोन लावला, एकाच फोनवर, शेजारी शेजारी बसून. काय ठरवायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, आम्ही दोघी कुणाच्याच बाजूने नाही, असं तुम्ही सांगितलंत. ती दोघं तिथेच राहिली, हेही तुम्हाला गिळावं लागलं. नात लांब राहिली ती राहिलीच. तुम्ही त्याबद्दल मला कधी बोल लावला नाहीत. लावला असतात तरी मी ऐकून घेतलं नसतं, पण लावला नाहीत, हे मी विसरलेले नाही.

तरी मी तुम्हाला मेट म्हणाले नाही. तुम्ही किती वेळा विचारलंत. भाजीबाजारात, फोनवर, एकदा तर दवाखान्यात तुम्हाला सलाइन लावलेली असताना. मी म्हणायचे, मला तो शब्द तोंडात बसत नाही. तुम्ही म्हणायचात, कवळी बसली, शब्द बसत नाही?

मग एके दिवशी तुमच्या शेजारच्यांचा फोन आला. मी पोचले तेव्हा तुम्ही गेला होतात. संदीप-मनीषा यायचे होते, म्हणून तुम्हाला बर्फावर ठेवलं. ती पोचेपर्यंत मी तिथेच होते. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

पोरं आली. बायका तुम्हाला आंघोळ घालायला उठल्या आणि तुमच्या मोठ्या जाऊबाई, गावाहून आलेल्या, दारातून म्हणाल्या, “माहेराकडनं कोन हाय? माहेरची साडी आना.”

कुणीच उठलं नाही. बाईला शेवटची साडी माहेरची लागते, ही रीत सगळ्यांनाच माहीत. पण तुमचा एकुलता भाऊ कधीच गेला. त्याची मुलं कुठे बंगळूरला, त्यांना निरोप दिला होता, ती यायची नव्हती. इगतपुरीच्या क्वार्टरमध्ये आता दुसरीच माणसं राहतात. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. कुणी म्हणालं, घरातलीच एखादी घ्या आणि माहेरची म्हणा. तुमच्या कपाटाचं दार उघडायला एक जण उठलीसुद्धा. तुम्ही मांडवात समोर बसलेल्या असताना तुमचं माहेर खांबाशी उभं राहिलं होतं. आता तर ते तिथेही नव्हतं.

मी संदीपच्या मित्राला गाडी काढायला सांगितली. घरी जाऊन ट्रंक उघडली. साडी तळाला होती, दुकानाच्या पिशवीत, डांबरगोळ्यांच्या वासाची. घेऊन परत आले. मनीषाने ती ओळखली. म्हणाली, आई, ही तीच ना? मी म्हणाले, हो, आणि आता गप बस.

जाऊबाईंनी साडी हातात घेतली, उलटीसुलटी करून बघितली, आणि मला परत दिली. म्हणाल्या, “तुमी विहीन. तुमची साडी मानाची झाली. ही माहेरची लागती.”

माझ्या हातात ती साडी दुसऱ्यांदा परत आली, विहीणबाई. पुन्हा चार लोकांसमोर. मी म्हणाले, “मी विहीण म्हणून आणली नाही. मी यांची मेट आहे.”

“मेट म्हंजी कोन?”

सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. जोनने तासभर सांगितलं होतं, ड्रायव्हर, टोपी, साहेब. त्यातलं काही तिथे सांगण्यासारखं नव्हतं.

“जिला आमंत्रण लागत नाही ती,” मी म्हणाले.

 जाऊबाई दारातून बाजूला झाल्या. म्हणाल्या, “मंग नेसवा तुमीच.”

मी नेसवली. काठ सरळ लावला, निऱ्या नीट घातल्या. तुम्हाला चोपून नेसायला आवडायचं, तशी. माहेर जागचं हलू शकतं, हे मी मनीषाच्या बाळंतपणात पाहिलं होतं. त्यात नवीन काही नव्हतं.

दशक्रियेला गोदावरीवर संदीप मला म्हणाला, आईला शेवटी तुम्ही मेट म्हणालात, तिला ऐकायला हवं होतं. मी त्याला म्हणाले, नदीत पाय जपून टाक, शेवाळ आहे.

पण तुम्हाला सांगते. वाद तुम्ही जिंकलात, असं समजू नका. खालच्या पायरीचं मी जे बोलले ते आजही खरं आहे, आणि पुढच्या पिढीतल्या कुणा मुलीच्या आईने मला विचारलं तर मी तिला हेच सांगेन की जपून राहा. शब्द माझ्या तोंडून निघाला, तो अडचण होती म्हणून निघाला. तुम्ही मात्र माझी साडी घेणार नाही म्हणाला होतात, आणि तीच नेसून गेलात.